नाव का लपवावे लागते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘कथा आणि समाज’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, असे मंडळाने मला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली. विद्वत्तेचे काही मला सांगता येणार नाही. पण गोष्टी वाचण्याचा मला नाद आहे, आणि वाचता वाचता मनात जे आले तेच आज आपल्यापुढे मांडते.

आपल्या नाणेघाटातले लेणे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तिथल्या राजघराण्याच्या मूर्ती केव्हाच भंगल्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण वर कोरलेली नावे राहिली. त्यांत राजा सातकर्णीबरोबर राणी नायनिकेचे, म्हणजे आपल्या नागनिकेचे नाव आहे. शेजारच्या भिंतीवर यज्ञांची आणि दान दिलेल्या हजारो गाईंची यादी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईचे नाव असे उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असे कोरले गेले.

आता दुसरे नाव सांगते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. लेखिकेचे नाव छापले होते विभावरी शिरूरकर. शिरूर आपल्याच जिल्ह्यातले. पण या नावाची बाई कुठेच नव्हती. ते टोपणनाव होते. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या. शिकून कमावत्या झालेल्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालते, ते त्यांनी लिहिले. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यातल्या एका गोष्टीचे नावच पुरेसे बोलके आहे. पुस्तक बाहेर पडताच मोठे वादळ उठले. असे लिहिणारी ही बाई आहे तरी कोण, याचीच चर्चा अधिक झाली. राणीला आपले नाव दगडावर कोरता आले, पण शिकलेल्या शिक्षिकेला ते कागदावर छापता आले नाही!

आणि हे बायकांपुरतेच आहे असेही नाही. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला. त्यातला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो. परगावी राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. ती कळते तेव्हा कालपर्यंत आदराने बोलणारी माणसेच त्याच्या अंगावर धावून येतात.

या गोष्टींतून मला एक दिसले. मारणारी, बोलणारी, अडवणारी माणसे राक्षस नाहीत. ती साधी, संसारी माणसे आहेत. घरातलीच आई, बाप, शेजारीण. आपण म्हणतो, “काय करणार, समाज ऐकत नाही.” पण समाज म्हणून वेगळे कोणी गावच्या वेशीवर बसलेले नाही. ते आपणच आहोत.

कोणी म्हणेल, मग प्रत्येकाने मनाला येईल तसे वागावे काय? तसे मी म्हणत नाही. आपल्या डोंगरात एकट्याने कोणाचेच भागत नाही. आवणीला माणसे लागतात, पडकईला दहा घरचे हात लागतात. बांध नसेल तर खाचरात पाणी राहणार नाही आणि भातही पिकणार नाही. पण बांधाला पाणी सोडायची वाट ठेवावीच लागते. ती बुजवली तर मुसळधार पावसात बांधच फुटतो. ज्या बंधनापायी माणसाला आपले नाव, आपली जात, आपले मन लपवावे लागते, त्या बंधनात अशी वाट ठेवलेली नसते.

शिवाय ही बंधने काही देवाने घालून दिलेली नाहीत. पुण्यातल्या उच्चवर्णीयांत विधवेचे लग्न हे महापाप मानत. त्यासाठी १८५६ साली कायदा करावा लागला. आपल्या डोंगरातल्या लोकांत पाट लावण्याची चाल त्याच्याही आधीची. एकीकडे जे पाप, तीच दुसरीकडे रीत! मग माणसांनी बांधलेली गाठ माणसांना सोडवता का येऊ नये?

ती सोडवता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हे उदाहरण घालून दिले. हेही समाजानेच केले ना?

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, महिन्याच्या बैठकीत काम उरकल्यावर एक गोष्ट मोठ्याने वाचावी. जिला वाचता येत नाही तिनेही ऐकावी, आणि आपल्याला काय वाटले ते सांगावे. गोष्टीतल्या बाईबद्दल बोलताना आपल्या मनातले बोलायला भीड पडत नाही. दुसरी, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या प्रत्येक बाईला बोलवावे, नवरा असो वा नसो. आणि तिला अमक्याची आई, तमक्याची सून असे न म्हणता तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी.

नागनिकेचे नाव आपल्या घाटात कोरलेले आहे. तिच्या गावच्या लेकीसुनांना आपले नाव लपवायची वेळ येऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.