बेचाळीस किलोमीटर आणि चार दिवसांची नौकासफर

एप्रिलमधल्या एका रविवारी लंडनच्या ग्रीनिच भागातून हजारो माणसं धावत सुटतात. कटी सार्क हे जुनं जहाज, टॉवर ब्रिज, थेम्सचा काठ असं करत बकिंगहॅम राजवाड्याजवळ पोचेपर्यंत ४२.१९५ किलोमीटर झालेले असतात. पहिल्या क्रमांकासाठी धावणारे मोजकेच. बाकीच्यांच्या छातीवर बहुधा कुठल्या तरी सेवाभावी संस्थेचं नाव असतं. एखादा तर गेंड्याचा अवजड पोशाख चढवून घामाघूम होत धावत असतो.

लंडन मॅरेथॉन सुरू झाली १९८१ मध्ये. आता धावायची जागा मिळवायची तर लॉटरीत नाव टाकावं लागतं. तिथं नशीब रुसलं की संस्थांच्या राखीव जागा. संस्था आयोजकांकडून जागा विकत घेतात आणि धावणाऱ्याकडून ठरावीक देणगी जमवण्याचा शब्द घेतात. मग सुरू होते खरी दमछाक: ऑफिसात घरचे केक विकायचे, पबमध्ये प्रश्नमंजुषा घ्यायची, नातेवाइकांना लाडीगोडी लावायची. २०२४ च्या एकाच शर्यतीतून ७ कोटी ३५ लाख पौंड जमले.

अशा धावणाऱ्यांचा आधार असलेल्या संस्थांपैकी एक म्हणजे एलन मॅकार्थर कॅन्सर ट्रस्ट. एलन ही दर्यावर्दी. २००५ मध्ये तिनं एकटीनं, कुठंही न थांबता, ७१ दिवसांत शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हा तो जागतिक विक्रम होता. त्याआधी फ्रान्समध्ये कर्करोगाच्या बालरुग्णांना समुद्रावर नेणाऱ्या एका संस्थेबरोबर ती गेली होती. तो अनुभव मनात ठेवून तिनं २००३ मध्ये ब्रिटनमध्ये हा ट्रस्ट उभा केला.

ट्रस्टचं काम उपचार संपल्यावर सुरू होतं, आणि नेमकं हेच बाहेरच्यांना चटकन पटत नाही. रिपोर्ट चांगला आला, आता काय राहिलं? बरंच काही. काही औषधांचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, म्हणून तपासण्या पुढे कित्येक वर्षं चालतात. थकवा रेंगाळतो. वर्गमित्र पुढच्या इयत्तेत गेलेले असतात. घरी आई-वडील साधी शिंक आली तरी दचकतात. औषधासाठी देणगी मागणं सोपं. या मधल्या काळासाठी मागणं अवघड.

म्हणून ८ ते २४ वयाच्या मुलामुलींना चारेक दिवसांच्या नौकासफरीवर नेलं जातं. बोटीवर कौतुक करून बसवून ठेवत नाहीत. शीड ओढायचं, सुकाणू धरायचं, स्वयंपाक करायचा, भांडीही घासायची! टोपी काढली तरी कुणी टक लावून बघत नाही, कारण शेजारच्याचेही केस नुकतेच उगवू लागलेले असतात. यातले काही जण पुढं स्वयंसेवक म्हणून त्याच बोटींवर येतात.

मुंबईतही या 'नंतर'ची दखल घेतली गेली आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी १९९१ मध्ये वेगळं क्लिनिक सुरू झालं. भारतीय कर्करोग संस्थेच्या छत्राखाली 'उगम' हा लहानपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांचा गट उभा राहिला. त्यातली तरुण मुलं आज उपचार घेत असलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना भेटतात. समोर धडधाकट उभा असलेला मुलगा कधीकाळी याच रुग्णालयात दाखल होता, हे ऐकल्यावर पालकांच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू होते: शाळा कधी सुरू केलीस, नोकरी मिळाली का, लग्नाचं काय?