विद्यापीठाचा पाटकरी



या परिषदेचं अध्यक्षपद मला दिल्याबद्दल कार्यकारिणीची मी मनापासून आभारी आहे. यजमान संस्थेनं दोन दिवस आपली व्यवस्था चोख ठेवली. ऐन उन्हाळ्यात एवढ्या माणसांना पाणी पुरवणं म्हणजे काय असतं, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

विद्यापीठांच्या आवारातल्या जलसंधारणाचा आढावा घ्यावा, असं मला कळवलं होतं. तो थोडक्यात घेते. आवारं मोठी आहेत, पाऊसही अगदीच कमी नाही. पुणे विद्यापीठाचं गणेशखिंडीतलं आवार ४११ एकरांचं. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर ११६ कोटी लिटर पाणी पडतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानं आपली तळी आणि विहिरी राखल्या, आणि २०१९ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा विद्यापीठाचं पाणी लोकांच्या कामी आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हापासून आवारातल्या पाण्याकडे आपण जरा गंभीरपणे पाहू लागलो. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या सातव्या निकषात जलसंधारणाच्या सोयी विचारल्या जाऊ लागल्या, म्हणून छतावरचं पाणी, बोअरचं पुनर्भरण, सांडपाण्याचा पुनर्वापर हे सगळं बहुतेक ठिकाणी झालं आहे. निदान त्याचे फोटो तरी झाले आहेत.

आढावा इथंच थांबवते. गेली दहा-बारा वर्षं एक गोष्ट मनात धरून आहे. ती बोलायला इतकं मोठं व्यासपीठ पुन्हा मिळेल असं वाटत नाही, म्हणून ती आज बोलते.

आपल्या विद्यापीठांतून चावीवाला नाहीसा झाला आहे, आणि तो आपण नाहीसा केला आहे.

चावीवाला म्हणजे कोण, हे वसतिगृहात राहिलेल्यांना ठाऊक असेल. खांद्यावर इंग्रजी ‘टी’च्या आकाराची लांब लोखंडी चावी टाकून पहाटे सायकलवरून फिरणारा माणूस. चेंबरचं झाकण उघडतो, चावी व्हॉल्व्हवर बसवतो, मोजून आटे फिरवतो. कुठल्या इमारतीला किती वेळ पाणी, कुठला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पुढच्या चढावरचं पाणी तुटतं, हे सगळं त्याच्या हातात आणि डोक्यात असतं. मी एका विद्यापीठात ३१ वर्षं भूशास्त्र शिकवलं. आमच्याकडच्या चावीवाल्यांना सगळे मामा म्हणत. कुलगुरूही मामाच म्हणत.

२०१३ चा उन्हाळा. राज्याच्या मोठ्या भागात दुष्काळ होता, आमच्याकडे एक दिवसाआड पाणी सुटत होतं. पाणी समितीत दोन तट पडले होते. एकांचं म्हणणं, नवी बोअर घ्या. दुसऱ्यांचं म्हणणं, टँकर लावा. मी समितीत होते. मी म्हटलं, आधी रात्रीचा मीटर वाचू. रात्री दोन ते चार या वेळात आवार झोपलेलं असतं. टाक्या भरून झाल्या की मुख्य मीटरचा काटा थांबायला हवा. नाही थांबला तर जेवढं पाणी जातं ती गळती. मामा म्हणाले, “बाई, मी कधीचा सांगतोय, काटा थांबत नाही. पण मला विचारतंय कोण?”

मी आणि मामा सलग तीन रात्री फिरलो. बॅटरी माझ्या हातात, सळई त्यांच्या. सळईचं एक टोक ते उघड्या पाइपाला टेकवत आणि दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहत. मग म्हणत, “इथं नाय,” आणि पुढं निघत. तिसऱ्या रात्री, जुन्या कँटीनच्या मागं, ते बराच वेळ हलले नाहीत. सळई त्यांनी माझ्या कानाला लावली. बारीक, एकसुरी शिट्टीसारखा आवाज येत होता. ते कँटीन पाडून पंधरा वर्षं झाली होती. त्याच्याकडे जाणारा बिडाचा पाइप कुठल्याच नकाशात नव्हता. मामांना तो ठाऊक होता, कारण तो टाकताना ते चर खणायला होते.

आता ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तीत माझी स्वतःची चूक आहे. त्या पाइपाच्या खालच्या अंगाला एक ओघळ आहे. तिथं भर मे महिन्यात लव्हाळी हिरवीगार असायची. वर मांजऱ्या खडक, खाली गेरूचा पातळ थर. अशा सांध्यावर झरा फुटतो, असं पुस्तकं सांगतात आणि ते खरंही आहे. मी सलग आठ वर्षं पदव्युत्तर वर्गाला तिथं नेऊन झरा म्हणून दाखवलं. त्यावर एका विद्यार्थ्यानं लघुप्रबंधही लिहिला. चौथ्या दिवशी सकाळी मी त्या पाण्याची, क्लोरीन दाखवणारी ओटी टेस्ट केली. नळीत पाणी घेतलं, द्रावणाचे थेंब टाकले आणि पाणी फिकट पिवळं झालं. झऱ्याच्या पाण्यात क्लोरीन कुठून येणार? ते नळाचं पाणी होतं. शुद्ध केलेलं, पैसे मोजून घेतलेलं. आमची वसतिगृहं बादल्या घेऊन रांगेत उभी असताना ते लव्हाळ्याला जात होतं.

पाइप बंद केला. काटा पुरता थांबला नाही, पण मंदावला. नवी बोअर घ्यावी लागली नाही. इथं एक हिशेब सांगते. तासाला हजार लिटर गळत असेल, तर दिवसाला चोवीस हजार होतात. वसतिगृहातल्या माणसामागे रोज १३५ लिटर हे मानक धरलं, तर १७७ मुलांचं पाणी. वर्षाला ८७ लाख लिटरांहून जास्त. आणि हे एका पाइपाचं, एका भोकाचं.

पुढच्याच वर्षी मामा निवृत्त झाले. मी आस्थापना विभागात चौकशी केली, त्यांच्या जागी कोण? उत्तर मिळालं, सुधारित आकृतिबंधात ते पद मृत संवर्गात गेलं आहे, पुन्हा भरलं जाणार नाही. ‘मृत संवर्ग’ हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले, अजून विसरले नाही. त्यांच्या जागी एजन्सीचा मुलगा आला. अकरा महिन्यांनी तो गेला, दुसरा आला. मुलं वाईट नव्हती. पण भर मे महिन्यात आवारात ओल कुठं दिसते आणि ती तिथं का असू नये, हे कळायला अकरा महिने पुरत नाहीत.

काल दुपारच्या सत्रात सेन्सरवरून बराच वाद झाला. टाकीत सेन्सर बसवले, मोटारी आपोआप चालू-बंद झाल्या की माणूस लागत नाही, असं काही तरुण मित्रांचं म्हणणं. मी सेन्सरच्या विरोधात नाही. पण आमच्या मुलींच्या वसतिगृहात काय झालं ते सांगते. पडद्यावर टाकी भरलेली दिसत होती आणि नळाला थेंब नव्हता. दोन दिवस पत्रव्यवहार चालला. शेवटी रेक्टरबाईंनी निवृत्त मामांना फोन केला. ते सायकलवरून आले आणि टाकीतून उतरणाऱ्या पाइपाला तळहात लावला. “कोमट आहे. पाणी असतं तर गार लागला असता. टाकी रिकामी आहे.” सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडली होती. सेन्सर खोटं बोलला तर ते ओळखणारा हात आवारात असलाच पाहिजे. माझ्यापुरता तो वाद तिथं संपला आहे.

शोषखड्ड्यांचंही तेच. किती खड्डे घेतले याची स्पर्धा चालू आहे. आमच्या ग्रंथालयामागच्या खड्ड्याला मी तज्ज्ञ म्हणून मान्यता दिली होती. मामा तेव्हाच म्हणाले होते, “तिथं जिरत नाही बाई, पाऊस पडला की दोन-दोन दिवस साचून राहतं.” चार फुटांवर काळा अभंग खडक लागला. पुढची तीन वर्षं तो खड्डा डासांच्या उपयोगी पडला. दख्खनच्या या खडकात पाणी कुठं मुरतं आणि कुठं नाही हे दर पन्नास पावलांवर बदलतं. ते ज्यानं वीस पावसाळे पाहिलं, त्याला आधी विचारायला हवं होतं.

हे शहाणपण आपल्याकडे नवं नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, तो नळ बांधताना आत माणूस चालू शकेल एवढी उंची ठेवली आणि वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधले. बांधणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून आत उतरून गाळ काढणारा माणूस होता. धुळे-नाशिककडच्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीत बंधारा जेवढा महत्त्वाचा, तेवढाच पाटकरी. पाणी कुणाला, कधी, किती, हे तो पाहणार; त्याचा मोबदला गाव देणार. तिथं गावानं पाटकऱ्याला मान दिला, म्हणून पाट टिकले. आपण पाट बांधतो, फीत कापतो आणि पाटकऱ्याचं पद मृत करतो.

परिषदेनं काय करावं, असं मला विचारलं जाईल. चावीवाल्याचं पद कायम असावं, असा ठराव संध्याकाळच्या सत्रात यावा आणि तो शासनाकडे जावा. प्रत्येक विद्यापीठानं आपल्या भूमिगत नळांचा नकाशा जुन्या माणसांना बरोबर घेऊन, चालत, नव्यानं काढावा. रात्रीच्या मीटरची एक साधी नोंदवही असावी. तिचा नमुना कार्यकारिणीनं तयार करावा, मी मदत करीन. ‘नॅक’नं फोटोबरोबर वर्षभराचं मीटरवाचन मागावं, यासाठीही कुणीतरी पाठपुरावा करायला हवा. तपशील तरुणांनी ठरवावेत. माझ्याकडे आता तेवढी वर्षं नाहीत.

एवढं मात्र इथं बसलेल्या प्रत्येकानं करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. उद्या परत गेलात की आपल्या आवारात पाणी कोण सोडतं याची चौकशी करा. त्याचं नाव विचारून घ्या. एका पहाटे त्याच्याबरोबर सगळ्या चेंबरांवरून फिरा, आणि तो जे सांगेल ते लिहून घ्या. आमच्या मामांचं मी लिहून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची नजर गेली होती. सव्वीस व्हॉल्व्ह त्यांनी आठवणीनं सांगितले. उरलेले सांगायचे राहून गेले. ते व्हॉल्व्ह आजही आमच्या आवारात जमिनीखाली आहेत, आणि ते नेमके कुठे आहेत हे आता कुणालाही माहीत नाही.