अर्जातली 'मी'

(कार्यकर्त्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थिनी यांच्यासाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



परदेशात मास्टर्स करायचं असेल तर अर्ज कसा करावा, असा विषय मला दिला आहे. तो ऐकून आपल्यातल्याच एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "हे क्लासवाल्यांचं काम. आपल्या शिबिरात कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. मध्यंतरी आमच्या सल्ला केंद्रात दोन मुली आल्या. मारहाण नव्हती, हुंड्याचा छळ नव्हता. एकीचा पासपोर्ट सासऱ्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. दुसरीचं प्रवेशपत्र आलं आणि त्याच आठवड्यात घरात तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. हे क्लासवाल्यांकडे नेण्यासारखे प्रश्न आहेत का? ते आपल्याकडेच येणार.

आणि ते आजचेही नाहीत. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, परीक्षेत वरचा नंबर मिळवला. त्या यशावर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, कारण ती बाई होती. अखेर वर्गणीतून पैसे उभे राहिले आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडली १९२२ साली. १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. त्याआधी १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून आपण का जातो आहोत ते सांगावं लागलं. पुरुष निघाला की निरोप समारंभ होतो, बाई निघाली की खुलासा मागितला जातो. तो खुलासा अजून संपलेला नाही.

आता माझं सांगते. २०२२ साली, बत्तिसाव्या वर्षी, मी एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी इंग्लंडला गेले. आपल्याकडचं एम.एस.डब्ल्यू. झालेलं होतं, तुटक तुटक सात वर्षांचं काम होतं आणि सहा वर्षांची मुलगी होती. अर्जाची तयारी जायच्या जवळजवळ सव्वा वर्ष आधी सुरू केली, तरी धावपळ झाली. तुम्हीही वर्षभर आधी सुरुवात करा.

पहिली गोष्ट, कशासाठी जायचं ते नीट वाचा. एकाच नावाच्या पदव्या वेगवेगळ्या असतात. इंग्लंडमध्ये सोशल वर्कर म्हणून नोंदणी मिळवून देणारा अभ्यासक्रम वेगळा, त्यात १७० दिवसांचं क्षेत्रकार्य असतं. आणि स्त्री-अभ्यास, विकास, सामाजिक धोरण असे एका वर्षाचे अभ्यासक्रम वेगळे. ते विचारांना खाद्य देतात, पण तिथे सोशल वर्कर म्हणून काम करायचा परवाना देत नाहीत. अमेरिकेतल्या एम.एस.डब्ल्यू.ला किमान ९०० तास क्षेत्रकार्य लागतं. एजंट हे सांगत नाही. बहुतेक एजंटांना विद्यापीठाकडून दलाली मिळते, त्यामुळे ज्यांची दलाली मिळते तीच विद्यापीठं ते तुमच्यापुढे ठेवतात. सल्ला फुकट म्हणतात, तो असा फुकट असतो.

दुसरी गोष्ट कागद. पुरुषांना इथे फारसं अडत नाही, आपल्याला पहिल्या पानावरच अडतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, एम.एस.डब्ल्यू.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. माझ्या एका मैत्रिणीचं तर लग्नात तांदळात लिहून पाळण्यातलं नावही बदललं होतं. परदेशातल्या कचेरीला या दोन वेगळ्या बायका वाटतात. मग विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, नाहीतर राजपत्रातली नोंद जोडत बसायचं. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांनी ऐका: लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. आणि २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टचे नियम बदलले. विवाहाचा दाखला सक्तीचा राहिला नाही, आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं, घटस्फोटितेला आधीच्या नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. पासपोर्ट मात्र आपल्याच कपाटात ठेवायचा.

विद्यापीठाचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांचे गुण एकत्र दाखवणारा अधिकृत उतारा, मिळायला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज सगळ्यात आधी टाका. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा दोन वर्षंच ग्राह्य धरतात, म्हणून ती फार आधी देऊन ठेवू नका.

मग येतो बायोडेटा. माझ्या बायोडेटात २०१६ ते २०१८ कोरं होतं. मी त्या ओळीवर बराच वेळ अडकले. काय लिहायचं? बाळंतपण, तान्ही मुलगी, सासूबाईंचं आजारपण, आणि आठवड्यातून एकदा केंद्रावर जाऊन केलेलं बिनपगारी समुपदेशन. घरकाम हे काम आहे, असं वस्त्यांमधून इतरांना सांगणारी मी, माझ्याच कागदावर ती दोन वर्षं 'रिकामी' म्हणून सोडत होते! शेवटी जे केलं ते साध्या शब्दांत लिहिलं. कोणी आक्षेप घेतला नाही.

आता मुख्य भाग. 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे मला हे शिक्षण कशासाठी हवं याचं निवेदन. माझ्या पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'आम्ही' होतं. आम्ही मोर्चा काढला, आम्ही पाहणी केली, आम्ही केसेस लढवल्या. संघटनेत आपण 'मी' टाकून 'आम्ही' म्हणायला शिकतो आणि त्याचा मला अभिमान आहे. पण माझ्या जुन्या प्राध्यापकबाईंनी खर्डा वाचून विचारलं, "यात तू कुठे आहेस? पाहणीतले प्रश्न कोणी तयार केले? तुझं कुठे चुकलं? काय कळेनासं झालं म्हणून तुला शिकायला जायचंय?" मला उत्तर देता येईना. आपलं काम आपलं म्हणायची इतकी सवय मोडली होती. आणि खरं सांगू? ही सगळी संघटनेची शिकवण नव्हती. निम्मी तरी घरातली होती. पुढे पुढे करू नये, आपलं आपण सांगू नये, ही.

दुसऱ्या खर्ड्यात मी उलट टोकाला गेले. सुरुवात एका बाईच्या गोष्टीने केली. मी हाताळलेली केस, जळित. नाव बदललं होतं, पण बाकी सगळं जसंच्या तसं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं लिहिलं होतं. प्राध्यापकबाईंनी एकच प्रश्न विचारला, "तिला विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. तिने ते मला सांगितलं होतं ते जबाब लिहून घ्यायला, कोर्टात उभं राहायला. माझ्या प्रवेशासाठी नव्हतं सांगितलं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. तो परिच्छेद काढला. त्या जागी लिहिलं की २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा हाताशी असूनही, निवाऱ्याचा आदेश मिळालेल्या बायका काही दिवसांत परत का जातात हे मला समजत नाही, आणि ते समजून घेण्यासाठी मला घर आणि उत्पन्न यांविषयीची धोरणं अभ्यासायची आहेत. यात अश्रू नव्हते, पण प्रश्न माझा होता. प्रवेश त्याच निवेदनावर मिळाला. परदेशी वाचकाला 'बिचारी भारतीय स्त्री' विकणं सोपं आहे, मैत्रिणींनो. ते करू नका.

शिफारसपत्र देणाऱ्याला महिनाभर आधी सांगा आणि निवेदनाची प्रत द्या. तुम्हाला आणि तुमच्या कामाला ओळखणारी व्यक्ती हवी. मोठं पद आणि कोरडं पत्र असलं तर उपयोग नाही.

आता पैसा. शिष्यवृत्त्यांपैकी तीन सांगते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला २,८०० तास, म्हणजे साधारण दोन वर्षांचं काम लागतं; वयाची अट नाही; शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. आपल्यासारख्या काम करणाऱ्या बायकांना ती सोयीची आहे. अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलामुलींसाठी आहे, आणि तिच्यात ३० टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवल्या आहेत. पण तिच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत एक अट घातली गेली: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांना पैसे नाहीत. म्हणजे दलित मुलीने सरकारी पैशावर परदेशी जावं, पण जात आणि बाई हा विषय अभ्यासू नये. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले आणि तिथे १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेवरच निबंध वाचला, हे इथे आठवतं. या अटीविरुद्ध आपण बोलत राहिलं पाहिजे.

मला यांतली एकही मिळाली नाही. विद्यापीठाने फीमध्ये थोडी सवलत दिली, उरलं ते कर्ज. आणि इथे मला शिबिरांतून कधी न कळलेली गोष्ट कळली. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. तारण म्हणजे घर, जागा, ठेव. माझ्या नावावर काय होतं? एक स्कूटर. वडिलांच्या मागे गावाकडे घर आणि थोडी जागा होती. १९९४ साली आपल्या राज्याने आणि २००५ साली देशाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, हे मी किती सभांमधून सांगितलं असेल! आणि वडील गेल्यावर २०१५ मध्ये मी स्वतः भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करून आले होते. न वाचता. "माहेर तुटायला नको," आई म्हणाली. भाऊबीजेला साडी मिळाली.

सात वर्षांनी त्याच भावाकडे तारणासाठी गेले. तो वाईट माणूस नाही. "बघू," म्हणाला. ते 'बघू' तीन आठवडे चाललं. प्रवेशाची अनामत भरायची मुदत जवळ येत होती. शेवटी वहिनीने जेवताना पाटावरूनच विषय काढला, "त्यांच्या वाटणीचंच तर मागताहेत." तेव्हा सही झाली. माझ्या हक्काची जागा मला उपकार म्हणून मिळाली. हक्कसोडपत्रावर सही करताना आपण माहेर सांभाळत नसतो, पुढच्या सगळ्या 'बघू'वर सही करत असतो. एवढी एक गोष्ट घेऊन घरी गेलात तरी माझं भाषण वाया गेलं नाही असं समजेन.

व्हिसाचं थोडक्यात. ब्रिटनसाठी उरलेली फी आणि राहण्याचा खर्च इतके पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. मधे एक दिवस जरी कमी पडले तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागतो. आरोग्य सेवेचा अधिभार वेगळा, २०२४ पासून विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड झाला. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण वर्षाचा खर्च आधीच गोठवलेल्या खात्यात ठेवावा लागतो, आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून आपल्या विद्यार्थ्यांना एपीएस हे कागदपत्र-पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं.

शेवटी मुलीबद्दल. मी गेले तेव्हा मुलाला बरोबर नेता येत होतं. पण तिथल्या पाळणाघराचा खर्च मला झेपणारा नव्हता. मुलगी नवरा आणि आईजवळ राहिली. वर्षभर मला विचारलं गेलं, "कसं सोडवलं गं तुला?" माझा नवरा कंपनीच्या कामासाठी सव्वा वर्ष परदेशात होता, तेव्हा हे त्याला कुणीही विचारलं नव्हतं. मला त्रास झाला नाही असं सांगणार नाही. ती फोनवर यायची नाही, त्या रात्री पुस्तकातलं अक्षर दिसायचं नाही. पण परत आले तेव्हा तिला वेणी घालणारा बाप मिळालेला होता, हेही खरं.

आज ती निवडही उरलेली नाही. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अशा शिकवणीच्या मास्टर्ससाठी ब्रिटनने जोडीदार आणि मुलांना आणायला बंदी घातली. संशोधनाच्या अभ्यासक्रमांना आणि काही सरकारी शिष्यवृत्त्यांनाच सूट आहे. नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखाच. पण दारात कोण अडतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

परदेशी गेल्याशिवाय चांगलं काम होत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींनी चौथीच्या शिक्षणावर कोर्ट हलवलं आहे. पण जिला जायचं आहे तिची वाट नाव, कागद, जमीन आणि मूल या चार जागी अडते, आणि या चारही जागी आपली चळवळ आधीपासून उभी आहे. म्हणून हे आपलं काम. कुणाला अर्ज भरायचा असेल तर दुपारच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसा. खर्डा घेऊन या. आणि त्यात 'मी' आहे ना, तेवढं आधी बघून या.