एक प्रत जवळ, एक दूर

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात दुकानातला संगणक आणि त्याच्या शेजारीच ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क, दोन्ही एकदम जातात. मग सगळं क्लाउडवर ठेवावं का? त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथलं ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत भस्मसात झालं. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांची माहिती कायमची गेली.

म्हणून हायब्रिड पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. एक प्रत कार्यालयात, दुसरी दूरच्या क्लाउडवर. जवळची प्रत वेगासाठी. एक टेराबाइट माहिती १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून उतरवायला २२ तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बिलं थांबतात. जवळच्या डिस्कवरून हेच काम काही तासांत होतं.

दूरची प्रत मात्र ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाही, अगदी मालकालाही, पुसता येणार नाही अशी ठेवून घ्या. कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, संगणकाला जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअपही निकामी करतं. आणि महिन्यातून एकदा हिशेबाची एखादी जुनी फाइल बॅकअपमधून परत आणून खरोखर उघडून पाहा.