‘आवाज कुठंय ताई?’

(येरमाळा येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



दोन दिवस आपण पोटगी, रेशन, जमिनीच्या सात-बारावर बाईचं नाव अशा विषयांवर बोललो. आता गाडीच्या इंजिनावर बोलायचं म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं. हसा. पाच-सहा वर्षांपूर्वी मीही हसलेच असते. ‘आपलं काम गाडीत बसायचं, गाडीखाली शिरायचं नाही,’ असंच मला वाटायचं.

आमच्या गटाकडे एक जुनी ओम्नी आहे. कंपनीने ही गाडी बनवणं २०१९ मध्ये बंद केलं, पण आमची अजून चालते. ती कशाला लागते ते तुम्हाला सांगायला नको. रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला आणायचं, अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचं, तारखेला कोर्टात जायचं. येरमाळा चौरस्त्याचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग इथून जातो, एकीकडे बार्शी, दुसरीकडे कळंब. दिवसा वाहन मिळतं. रात्री दोन वाजता वस्तीवरून कोण येणार? म्हणून ही गाडी सकाळी एका किल्लीत सुरू होणं हा आमच्यासाठी कामाचा प्रश्न आहे.

एका हिवाळ्यात आम्ही गाडीचा टाइमिंग बेल्ट बदलून घेतला. काम एका गॅरेजात झालं. आम्ही पैसे दिले, गाडी आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ली फिरवली आणि सीटखालून खडखड, खडखड. मिनिटभर चाललं आणि हळूहळू थांबलं. रोज तेच. गाडी तापली की आवाज गायब.

गॅरेजात गेलो. तीस-पस्तीस किलोमीटर चालवत गेलो, म्हणजे इंजिन गरम. मिस्त्रीने इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, ‘आवाज कुठंय ताई?’ आवाज नव्हताच! दुसऱ्यांदा गेलो, तेच. तिसऱ्यांदा म्हणाला, ‘जुनी गाडी आहे, थंडीत असं होतंच. तुम्हाला उगीच भास होतोय.’

भास! हा शब्द आपण कुठे ऐकलेला आहे? रात्री मार खाल्लेली बाई दुसऱ्या दिवशी चौकीत पोचते तेव्हा नवरा शांत, सासू गोड बोलते, आणि साहेब विचारतात, ‘भांडण कुठंय?’ मी दोन्ही गोष्टी एक करत नाही. पण ज्या वेळी त्रास होतो त्या वेळी बघायला कुणी नसतं, आणि बघणारा येतो तेव्हा त्रास दिसत नाही, ही अडचण दोन्हीकडे आहे. केसमध्ये आपण काय करतो? नोंद ठेवतो. आमच्या एका तरुण कार्यकर्तीने इथेही तेच केलं.

तिने वही घातली. आठ दिवस रोज सकाळी लिहिलं: गाडी किती तास उभी होती, आवाज किती वेळ राहिला, कुठून आला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढला का, ऑइलची पातळी किती. मोबाइलवर आवाजही भरून ठेवला. आठ दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. गाडी रात्रभर उभी असेल तरच आवाज यायचा, दुपारी तासभर थांबून सुरू केली तर नाही.

आता इंजिनात काय असतं ते थोडक्यात सांगते. खाली क्रँक, वर कॅम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा, म्हणजे झडपा नेमक्या वेळी उघडतात-मिटतात. हा मेळ राखतो तो टाइमिंग बेल्ट. तुमच्या पायाच्या शिलाई मशीनचा पट्टा आठवा. सैल झाला की तो फडफडतो. फरक इतकाच, की या पट्ट्याला आतून दात असतात आणि त्याला ताण देणारी एक चकती असते, तिला टेन्शनर म्हणतात. बेल्ट सैल राहून दात सरकला तर मेळ बिघडतो, गाडी बंद पडते. पुष्कळ इंजिनांत तर झडप पिस्टनवर आपटून वाकते. घाटात, रात्री, गाडीत बाळंतीण असताना असं झालं तर? म्हणून बेल्टचं काम झाल्यावर नवा आवाज आला, तर तो सोडून द्यायचा नाही.

मग शोध कसा घ्यायचा? आमच्या ओळखीचा एक म्हातारा फिटर होता. तो म्हणाला, ‘गाडी संध्याकाळी आणून माझ्याकडे ठेवा. सकाळी तुमच्यासमोर सुरू करू.’ इतकी साधी गोष्ट, पण तोवर आम्हालाही सुचली नव्हती.

सकाळी त्याने आधी आम्हाला पदर खोचायला, ओढणी काढायला, वेणी बांधायला लावलं. हे हसण्यावारी नेऊ नका. फिरत्या पट्ट्यात पदर गेला तर माणूस ओढला जातो. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकायला शिकवलं. डॉक्टरच्या नळीसारखंच ते. फिरणाऱ्या भागापासून मात्र टोक लांब ठेवायचं. टॅपेटचा आवाज वरच्या झाकणाखालून येतो, टिकटिक असा एका तालात. आमचा आवाज पुढून, बेल्टच्या झाकणामागून येत होता.

मग त्याने गाडी पुन्हा रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या पहाटे बाहेरचा फॅनबेल्ट उतरवून काही सेकंदच गाडी सुरू केली. जास्त वेळ नाही, कारण पाण्याचा पंप त्यावरच चालतो. खडखड तशीच. म्हणजे अल्टरनेटर किंवा पंपाचं बेअरिंग दोषी नाही. शेवटी झाकण काढलं. आतल्या बाजूला घासल्याच्या चकचकीत रेषा आणि रबराची काळी भुकटी! बेल्ट सैल होता, झाकणावर आपटत होता. वर टेन्शनर जुनाच परत बसवलेला. हाताने फिरवला तर खरखर करत होता.

आणि गरम झाल्यावर आवाज का थांबायचा? इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, वरच्या आणि खालच्या पुलीमधलं अंतर किंचित वाढतं आणि बेल्ट ताणला जातो. म्हणजे मिस्त्रीला आवाज आला नाही हे खरंच होतं. त्याने गरम इंजिन ऐकून थंड इंजिनाबद्दल निकाल दिला, ही चूक त्याची.

दुरुस्ती अशी झाली. नवा टेन्शनर घातला, खुणा जुळवल्या, स्प्रिंगला बेल्ट ताणू दिला. प्लग काढून पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, खुणा पुन्हा जुळतात का पाहिलं आणि मगच टेन्शनर घट्ट आवळला. हे दोन फेरे घाईत गाळले जातात. दुसऱ्या पहाटे गाडी गुपचूप सुरू झाली.

सगळ्या गाड्यांना हेच लागू नाही. आवाज सुरू होताना दोन-तीन सेकंदच येऊन थांबत असेल, तर आधी ऑइलकडे बघा: पातळी, योग्य प्रकारचं ऑइल, फिल्टर. काही गाड्यांत टेन्शनर किंवा टॅपेट ऑइलच्या दाबावर चालतात आणि रात्रभरात ऑइल खाली उतरतं. काहींत बेल्टऐवजी चेन असते. आणि आवाज एकदम वाढला किंवा गाडी धक्के देऊ लागली, तर चालवत गॅरेजात नेऊ नका. बंद करा, ओढून न्या.

आमचीही चूक सांगते. काम देताना आम्ही काहीच विचारलं नव्हतं. बेल्टबरोबर टेन्शनर बदलणार का? बिलात काय काय लिहिलं? जुनं सामान परत का नाही मागितलं? आता आम्ही जुना भाग पिशवीत घालून आणतो आणि किती किलोमीटरला बदलला ते वहीत लिहितो.

काही जणी म्हणतील, हे बायकांचं क्षेत्र नाही. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासाची दुरुस्ती बाईनेच केली. दूर कशाला जायचं? उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. आपल्याच भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावोगावच्या बायकांनी घरबांधणीची माहिती शिकून घेतली आणि कामावर लक्ष ठेवलं. तेव्हाही लोक म्हणत होते, बाईला सिमेंटातलं काय कळतं?

प्रत्येकीने मिस्त्री व्हावं असं मी म्हणत नाही. पण आपण जे ऐकलं ते कधी, कुठून, किती वेळ, हे सांगता आलं, तर समोरच्याला ‘भास’ म्हणणं अवघड जातं. त्या म्हाताऱ्या फिटरने आमची वही वाचली आणि म्हणाला, ‘निम्मं काम तुम्हीच केलंय.’

उद्या सकाळी सहा वाजता आमची ओम्नी इथे अंगणात उभी असेल. रात्रभर गार झालेली. ज्यांना स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून बघायचाय त्यांनी चहाआधी यावं. पदर खोचून या.