'मोरो' या नावाची कुळकथा
(सक्करदरा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. एका नावाचे ऋण आमच्या शिरावर आहे. ते नाव 'मोरो'.

आमच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एक शेतकरी मुलाला घेऊन शाळेत आला. म्हणाला, "गुरुजी, नाव मोरोच लिवा जी. माह्या बाचं नाव हाये." आम्हांस ते नाव ओबडधोबड वाटले. मुलाचे कल्याण करीत आहोत अशा समजुतीने दाखलखारीज नोंदवहीत आम्ही सुवाच्य अक्षरांत 'मोरेश्वर' लिहिले. बापास वाचता येत नव्हते.

वस्तुतः ओबडधोबड होते ते आमचे ज्ञान. संस्कृत 'मयूर' शब्दाचे प्राकृतातील प्रथमेचे एकवचन 'मोरो' असेच होते, पालीतही तेच. वररुचीने 'प्राकृतप्रकाशा'त या शब्दाच्या रूपांची दखल स्वतंत्र सूत्रात घेतली आहे. त्याहून जुनी साक्ष गिरनारच्या शिळेची. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात आता दोन मोर व एक हरीण एवढ्यांचीच हत्या होते, असे अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोरविले. तेथे शब्द आहे 'मोरा'. दादो, नारो, निळो, सोनो ही आपल्या जुन्या कागदपत्रांतील नावे त्याच ओकारान्त वळणाची.

माणसांस हे नाव पडले ते मात्र गणपतीवरून. बारामती तालुक्यात कऱ्हेकाठी मोरगाव आहे. मोरावर आरूढ होऊन गणेशाने सिंधू दैत्याचा वध केला, म्हणून तो मयूरेश्वर, म्हणजेच मोरेश्वर. आणि घरातल्या हाकेत मोरो. १६७४ साली शिवराज्याभिषेकाच्या वेळी मुख्य प्रधान असलेले पिंगळे कागदोपत्री मोरो त्रिंबक. त्यांचे चिरंजीव मात्र नीळकंठ मोरेश्वर. पंडितकवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर, आणि कवितेत ते स्वतःस 'मयूर' म्हणवीत. आपल्या विदर्भातही अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होऊन गेले. त्यांस कोणी खेडवळ म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही!

एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले होते की, फिलिपाइन्स बेटांतील 'मोरो' लोक आपल्यापैकीच काय? नव्हेत. लॅटिन 'मौरुस' म्हणजे उत्तर आफ्रिकेतील मॉरेतानियाचा रहिवासी; त्यावरून स्पॅनिश लोक मुसलमानांस 'मोरो' म्हणू लागले आणि सोळाव्या शतकात तो शब्द त्यांनी मिंदानाओपर्यंत नेला. उच्चार एक, कुळे दोन. आपल्या न्हाणीघराच्या मोरीचाही मोराशी काही संबंध नाही.

असो. तो मुलगा मोठा झाला. बाप वारला. घरच्यांनी सांगितले तसे तलाठ्याने वारसनोंदीत 'मोरो' लिहिले. शाळेचा दाखला व आधारपत्र 'मोरेश्वर'चे. पीककर्जाच्या वेळी दोघे एकच कशावरून, असा प्रश्न निघाला आणि कर्ज अडले. तो आमच्याकडे आला. एका शब्दानेही त्याने आम्हांस दोष दिला नाही, हेच अधिक बोचले. आम्ही त्याच्याबरोबर कचेरीत गेलो आणि पिंगळे पितापुत्रांचा दाखला दिला. कारकून हसून म्हणाले, "गुरुजी, पेशव्यांचं चालत नाही, प्रतिज्ञापत्र आणा." मुद्रांक, साक्षीदार, हेलपाटे यांत पेरणीचे दिवस निघून गेले. त्या वर्षी त्याची अर्धी जमीन पडीत राहिली.

मंडळाची कुटुंबसूची यंदा नव्याने छापली जाणार आहे. तीत दाखल्यावरील नावाशेजारी घरात चालणाऱ्या नावाचाही एक रकाना ठेवावा, अशी चालकांस आमची विनंती आहे. त्या गृहस्थांनी आपला अर्ज आमच्याच हाती दिला आहे. नातवाचे नाव त्यांनी 'मयूर' ठेविले आहे.