दोन हजारांना हात लावू नका

आम्ही बेळगावातल्या एका लेआउटचे 16 प्लॉटधारक. मंजूर नकाशातली बागेची जागा विकासकाने विकायला काढली, म्हणून आम्ही दावा लावला. खरेदीपत्रे कन्नडमध्ये; निम्म्यांनी न वाचताच सह्या केल्या, हा दोष आमचाच.

साक्षी सुरू झाल्यावर विकासकाने कैफियत दुरुस्त करण्याचा अर्ज दिला. म्हणे, मंजुरीच्या अर्जात बाग चुकून दाखवली गेली! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 17 ला 2002 पासून अट आहे: सुनावणी सुरू झाल्यावर, योग्य दक्षता घेऊनही मुद्दा आधी मांडता आला नसता असे कोर्टाला पटले तरच दुरुस्ती. स्वतःच्याच अर्जातली चूक इतकी वर्षे दिसली नाही? तरी 2,000 रुपये खर्चाच्या अटीवर परवानगी मिळाली.

काहीजण म्हणाले, घेऊन टाका. आम्ही बँकेतली माणसे, हिशेब केला: घरटी 125 रुपये. एका तारखेची बुडालेली रजासुद्धा त्यात निघत नाही. पण खरी गोम पुढे आहे. अटीचा खर्च स्वीकारला की त्या हुकुमाविरुद्ध दाद मागता येत नाही, असे न्यायालयांनी म्हटले आहे. वकिलांना आम्ही थांबवले.

रेवाजीतू बिल्डर्स खटल्यात, तोही कर्नाटकातलाच, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा खर्च नावापुरता नको, वास्तव हवा. वाढलेल्या तारखांचा त्रासही मोजावा. आता धारवाड खंडपीठात जायचे आहे. रजेच्या नोंदी, टायपिंगच्या पावत्या, असेल ते सगळे रविवारपर्यंत आणून द्या.